झोपला म्हणजे सुटला नव्हे : घरात आईस किंवा एमडी शिरल्यावर काय करायचं

दारू आपल्याला ओळखता येते. वास येतो, चाल बदलते, जीभ जड होते. पिऊन आलेला माणूस दारातच कळतो. आईस या नशेच्या पदार्थाचं तसं नाही. वास नाही, झोकांड्या नाहीत. उलट सुरुवातीला पोरगा चलाख वाटतो, दोन माणसांचं काम एकटा करतो, रात्र रात्र जागून अभ्यास करतो. आई शेजारणीला कौतुकानं सांगते. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागातल्या ज्या घरांत हे पहिल्यांदा आलंय त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. दारूवरून शिकलेलं गणित इथं लागू पडत नाही, आणि ते लावण्यातच मोलाचे महिने जातात. आमचे गेले.

मी बावीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होते. दारू सुटताना थरथरणारे, भिंतीवर साप दिसणारे पेशंट मी कितीतरी सांभाळले. तरीही बेळगावच्या वडगावात माझ्या सख्ख्या भावाच्या घरात, माझ्याच भाच्याचं काय चाललंय हे मला पाच महिने कळलं नाही. एका रात्री मुक्कामाला होते. पावणेतीनला पाणी प्यायला उठले तर माडीवर दिवा. वर गेले. त्यानं मिक्सर उघडून ठेवला होता. खाली जुन्या पेपरचं पान, आणि त्यावर सगळे स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत, वॉशर वेगळे, वायरचे तुकडे वेगळे. मिक्सर बिघडलेला नव्हताच. जबडा घट्ट आवळलेला, कपाळावर घाम, आणि ट्यूबलाइटच्या उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या. मला बघून म्हणाला, "आत्या, असं काय बघूलीस? साफ करतोय." सकाळी वहिनीला विचारलं तर म्हणाली, "हा तिसऱ्यांदा उघडला."

एकच वस्तू उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. तासन्‌तास त्यात अडकून राहायचं. असं जागरण तुमच्या घरात दिसलं तर त्याला हौस समजू नका.

आधी वस्तू कोणती ते कळू दे

आईस, क्रिस्टल, मेथ या नावांनी जे मिळतं ते मेथाम्फेटामिन. काचेच्या किंवा तुरटीच्या बारीक खड्यांसारखं दिसतं, कधी पावडर असते. 1893 साली जपानमधल्या नागाई नागायोशी या रसायनशास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा तयार केलं, 1919 साली स्फटिकाच्या रूपात आलं, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना जागं ठेवायला 'पर्विटिन' नावाच्या गोळीतून देत. थकवा मारायला वापरात आलेली वस्तू आहे ही. आजही आपल्या पोरांकडं ती त्याच वाटेनं येते : डबल शिफ्ट, रात्रीचं ड्रायव्हिंग, परीक्षा, जिममध्ये वजन उतरवणं.

पोरं ज्याला 'एमडी' म्हणतात ते बहुतेक वेळा मेफेड्रोन असतं. हे आईसचं भावंड, पण वेगळं रसायन. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा घातला, तेव्हा त्या मालाचा माग सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आला. कुपवाड आपल्यापासून काही लांब नाही. फरक लक्षात ठेवायचा तो एवढ्यासाठी की आईसचा अंमल आठ-बारा तास टिकतो आणि एमडीचा दोन-चार तासांत उतरतो. म्हणून एमडीवाला एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतो. शिवाय मेडिकलमधल्या साध्या लघवीच्या किटमध्ये आईस सापडतं, साधारण दोन ते चार दिवसांपर्यंत. मेफेड्रोन मात्र त्या पट्टीवर बहुधा दिसतच नाही. "टेस्ट निगेटिव्ह आली, माझ्या पोरावर उगाच आळ" असं म्हणून गप्प बसलेलं एक घर मला माहीत आहे. सहा महिन्यांनी तोच मुलगा भ्रमिष्ट अवस्थेत दवाखान्यात आला. किट निगेटिव्ह आहे म्हणून डोळ्यांना दिसणारं नाकारू नका.

काय बघायचं

एका खुणेवरून ठरवू नका. परीक्षेत सगळीच जागतात, प्रेमभंगात जेवण सगळ्यांचंच जातं. इथं बघायचं ते चक्र. दोन-तीन दिवस झोप नाही, भूक नाही, तोंडाची टकळी चालू, पाय हलत राहतात, अंगात नुसता उत्साह. आणि मग एकदम कोसळणं. वीस-वीस तास झोप. उठल्यावर अधाशासारखं खाणं, चिडचिड, रडू, "माझ्यात काही राम नाही" असं बोलणं. दोन दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखा तरतरीत. महिनाभर कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिपा करा : झोपला कधी, जेवला कधी, पैसे मागितले कधी. आमच्या वहिनीनं दुधाचा हिशोब लिहायच्या कॅलेंडरवरच लिहिलं होतं. चक्र डोळ्यांसमोर आलं. शनिवारी बटवडा, रविवार-सोमवार जागरण, मंगळवार-बुधवार मुडद्यासारखी झोप. पुढं डॉक्टरांना त्या एका कागदाचा जेवढा उपयोग झाला तेवढा आमच्या तासाभराच्या बोलण्याचा झाला नाही.

बाकीच्या खुणा पटापट सांगते. वजन दोन-तीन महिन्यांत दिसण्याइतकं उतरतं. दात खाणं, तोंड कोरडं पडणं, पुढं दात किडून काळे होणं. कातडीखाली किडे चालल्यासारखे वाटतात म्हणून हात आणि गाल खाजवून खाजवून फोड येतात. घरातला चपातीचा फॉइल लवकर संपतो. खोलीत जळका, काळ्या डागांचा फॉइल, पेनाची रिकामी नळी, पुढं गोळा असलेली काचेची नळी, गुंडाळलेली नोट, नखाएवढ्या प्लास्टिकच्या पुड्या सापडतात. आणि संशय. "समोरच्या घरातले माझ्यावर नजर ठेवून आहेत," "फोनमध्ये कुणीतरी बसलंय." संशय आला म्हणजे गोष्ट बरीच पुढं गेली आहे.

मुलींकडंही तितकंच लक्ष द्या. बारीक झाली म्हणून आपण मुलीचं कौतुक करतो, तिथंच चुकतं.

बोलायचं कसं

नशेत असताना बोलू नका. कोसळून झोपला असताना गदागदा हलवून उठवून तर मुळीच नको. झोप पूर्ण झाली, पोटात अन्न गेलं, की मग एकाच माणसानं, ज्याचं तो ऐकतो त्यानं, बाजूला बसून बोलायचं. आमच्याकडं पहिल्यांदा काय झालं ते सांगते. सगळे काका, मामा, गल्लीतले दोन जाणते, सगळ्यांना बोलावून बैठक बसवली. भावानं सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. पोरगा त्या रात्री घरातून गेला आणि चार दिवस सापडला नाही. त्या चार दिवसांत मी जे भोगलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दुसऱ्या वेळी मी एकटी गेले. गरम भात, आमटी वाढली आणि म्हटलं, "तू रात्री झोपत नाहीस, तुझं वजन उतरलंय, तुला भीती वाटते. हे मला दिसतंय. काय घेतोस ते मला नको सांगू, डॉक्टरांना सांग. मी बरोबर येते." जे दिसतं तेवढंच बोलायचं. "तू नशेडी आहेस" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्यावर फक्त "नाही" एवढंच उत्तर येतं. शपथा घालू नका. आईच्या गळ्याची शपथ घेतलेला मुलगा दुसऱ्या दिवशी घसरला की शरमेनं आणखी लपवतो. आणि चहातून गुपचूप द्यायची म्हणून जी औषधं, पुड्या विकतात त्यांच्या नादी लागू नका. दारूवरही ती धोक्याची, इथं तर त्यांचा काडीचा उपयोग नाही.

वाट बघायची नाही अशा वेळा

छातीत दुखणं, श्वास अडणं, अंग भट्टीसारखं तापणं, फिट येणं, एक हात किंवा तोंडाची एक बाजू लुळी पडणं, बेभान होऊन मारायला धावणं, "मरतो" म्हणणं. यातलं काहीही झालं तर 108 ला फोन करा. वाहन दारात असेल तर थेट घेऊन निघा. आईस रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदयाला पळवतं; पंचविशीतल्या पोरालाही हार्ट अटॅक येऊ शकतो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. "एवढ्या लहान वयात कसला अटॅक, ॲसिडिटी असेल" असं म्हणून सोडा पाजत बसू नका.

गाडी येईपर्यंत : अंग तापलं असेल तर कपडे सैल करा, पंख्याखाली ओल्या कापडानं पुसत राहा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही नको. पालथं पाडून चार जणांनी अंगावर बसू नका, त्यानं माणूस गुदमरून जातो. शांत करायला दारू पाजू नका, घरातल्या कुणाची झोपेची गोळी देऊ नका. दवाखान्यात पोचल्यावर काय घेतलंय ते खरं सांगा. औषध कोणतं द्यायचं, कोणतं टाळायचं हे डॉक्टर त्यावर ठरवतात.

संशयानं घेरलेल्या माणसाशी वाद घालू नका. "कुणी नाही रे तिथं" म्हटलं की तुम्हीही शत्रूत जमा. "हो, आहे खरं" असंही म्हणू नका. "तुला भीती वाटते आहे, मी इथंच आहे" एवढंच. मोठा दिवा चालू ठेवा, टीव्ही बंद करा, एकानंच हळू बोला, विळी-कोयता उचलून ठेवा, आणि त्याच्या व दाराच्या मध्ये उभं राहू नका. बहुतेकांचा हा भ्रम नशा थांबून औषध सुरू झालं की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरतो. काहींचा राहतो, त्यांना औषध लांबवावं लागतं. भूतबाधा म्हणून उतारे, अंगारे करण्यात गेलेला प्रत्येक दिवस त्या दुसऱ्या गटात ढकलणारा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. देवाला जायचं तर जा, पण ओपीडी करून जा.

जायचं कुठं

बेळगाव शहरात असाल तर बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केएलईच्या रुग्णालयातही आहे. खानापूर, चिकोडी, अथणी, गोकाकसारख्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात. तो वार आधी विचारून घ्या, नाहीतर फेरी फुकट जाते. केस अवघड असेल तर धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था, दीड तासावर, आणि त्याहून वर बेंगळुरूचं निम्हान्स, जिथं व्यसनांसाठी वेगळं केंद्रच आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं. मराठीतून समुपदेशन हवं असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. 1986 पासून चालू आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं.

रात्री दोनला काही सुचेना तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, बोलायची भाषा निवडता येते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा 14446 आहे. दोन्ही नंबर मी वहिनीच्या फ्रिजवर चिकटवले होते.

भाषेचा प्रश्न आपल्याकडं खरा आहे, तो लाजेनं झाकू नका. घरात मराठी, केसपेपर कन्नडमध्ये, डॉक्टर बोलतात हिंदी-इंग्रजी मिसळून. मनातलं दुःख परक्या भाषेत निघत नाही. आमच्या भाच्याला पहिल्या ओपीडीत "निद्दे इल्ला, ऊटा इल्ला" (झोप नाही, जेवण नाही) एवढंच सांगता आलं, आणि झोपेची गोळी घेऊन आम्ही परत. दुसऱ्या खेपेला मी एका कागदावर सगळं लिहून नेलं : काय घेतो, कसं घेतो, किती दिवसांपासून, शेवटचं कधी, आणि ते कॅलेंडर. समुपदेशनाला मराठी जाणणारं कुणी आहे का, असं तोंडानं विचारा. वॉर्डात बहुतेक वेळा कुणीतरी सापडतं. सापडलं नाही तर दुभाषा म्हणून बापाला बसवू नका, बापासमोर पोरगा खरं बोलत नाही.

पोलिसांची भीती

ही भीती कितीतरी घरांना दवाखान्यापासून लांब ठेवते, म्हणून नीट सांगते. अमली पदार्थांचा कायदा 1985 चा, एनडीपीएस. नशा करणं त्यात गुन्हा आहे हे खरं. पण त्याच कायद्यात 64-अ हे कलम आहे : सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त दवाखान्यात उपचार घेत असेल तर त्याला त्या खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. मेथ आणि मेफेड्रोन दोन्हीसाठी 2 ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, आणि 50 ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण, ज्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. म्हणून "मित्राची पिशवी आहे, आठ दिवस ठेवून घे" हे कपाटात चालू देऊ नका. आणि डॉक्टरांकडं गेलात म्हणून डॉक्टर पोलिसांना फोन करत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि व्यसनामुळं झालेला मनाचा आजारही त्या कायद्यात येतो.

दवाखान्यात काय होतं

इथंच दारूचं गणित सगळ्यात जास्त चुकतं. दारू सोडवताना पहिले काही दिवस जिवाला धोका असतो, त्यासाठी ठरलेल्या गोळ्या असतात, त्या दिल्या की थरथर थांबते. अफू-ब्राउन शुगरवाल्यांनाही औषध आहे. आईसवर "ही घे, सुटेल" अशी मान्यता मिळालेली गोळी आज जगात कुठंही नाही. 2021 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात नालट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि बुप्रोपियॉनच्या गोळ्या अशी दोन औषधं एकत्र दिली होती. शंभरातल्या साधारण चौदा जणांना फायदा दिसला, तुलनेसाठी औषधासारखं दिसणारं खोटं औषध दिलेल्या शंभरातल्या अडीच जणांना. म्हणजे उपयोग आहे, पण जादू नाही. डॉक्टर झोपेसाठी, नैराश्यासाठी, भ्रमासाठी औषधं देतील, ती घ्यायचीच. पण "आमच्याकडं आईस सोडवायचं खास इंजेक्शन आहे, एवढे हजार भरा" असं कुणी म्हणालं तर पाय मागं घ्या.

पहिल्या भेटीत ईसीजी, बीपी, रक्त तपासून घ्या. सुईनं घेत असेल तर एचआयव्ही आणि कावीळ बी व सी. दातही दाखवा.

ज्या उपचारानं सगळ्यात जास्त लोक टिकतात तो ऐकायला फार साधा वाटतो. आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी, स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस, सलग स्वच्छ येत गेली की बक्षीस वाढत जातं, एकदा चुकली की पुन्हा पहिल्या पायरीवर. साधारण बारा आठवडे. मीही आधी "पोराला लाच द्यायची काय?" असं म्हटलं होतं. पण आईसनं मेंदूतलं आनंदाचं रसायन, डोपामिन, एवढं ओरबाडलेलं असतं की महिन्यांनी मिळणाऱ्या सुखासाठी आज थांबायची ताकदच उरत नाही. आज थांबलास, हे घे आजच, एवढंच त्याला कळतं. आम्ही डॉक्टरांना विचारून घरी केलं : पहिल्या स्वच्छ तपासणीला पन्नास रुपयांचा रिचार्ज, दुसऱ्याला शंभर, पुढं गाडीत पेट्रोल, एकदा चपला. रोख हातात कधीच नाही. दहाव्या खेपेला त्यानं स्वतः पट्टी आणून माझ्यासमोर धरली, ते मला अजून आठवतं. त्याचं घेणं आईसचं होतं, म्हणून पट्टी चालली. एमडी असेल तर तपासणी लॅबमधून सांगून करून घ्यावी लागते.

याच्या जोडीला समुपदेशन : कुठल्या वेळी, कुणाबरोबर, कुठल्या रस्त्यावर ओढ उठते हे हुडकून त्या त्या जागी काय करायचं ते आधीच ठरवणं. आमचं ठरलं ते असं. बटवडा शनिवारी भावाच्या हातात. जुना सिम बंद, यूपीआय आईच्या फोनवर. गोव्याला मित्रांबरोबर जाणं वर्षभर बंद. चोर्ल्याच्या घाटाचं नुसतं नाव निघालं तरी त्याला तोंडाला पाणी सुटायचं, असं त्यानंच सांगितलं. दारू आणि गांजाही बंद, कारण दोन बिअर पोटात गेल्या की बाकीचं आपोआप होतं.

तीन-चार महिन्यांचं वेळापत्रक

हे कागदावर लिहून भिंतीला लावा. माझ्या मते सगळ्यात जास्त घरं इथंच हरतात.

पहिले तीन-चार दिवस तो झोपेल. झोपू दे. उठेल तेव्हा पेज, भात, केळी, ताक, पाणी. थरथर नाही, उलट्या नाहीत, म्हणून घरातले म्हणतात, "बघ, सुटलं की! उगाच दवाखाना." हा पहिला खड्डा. नशा उतरून झोप लागली आहे, व्यसन तिथंच आहे. त्यानंतर साधारण पंधराव्या दिवसापर्यंत उदासी, चिडचिड, भयंकर स्वप्नं. या दिवसांत जीव द्यायचे विचार येतात, म्हणून रात्री एकटा सोडू नका, दाराला आतून कडी नको, औषधांची पिशवी आणि शेतावरची फवारणी कुलपात ठेवा.

पंधरा दिवसांपासून दीड महिन्यापर्यंत बरं वाटतं. चेहरा भरतो, हसतो, कामाला जातो. घरचे लग्नाचं बघायला लागतात. आमच्याकडं लागले होते. ओपीडीची तारीख चुकते ती याच दिवसांत.

आणि मग दीड महिन्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत ती भिंत येते. अमेरिकेतल्या सोळा आठवड्यांच्या मॅट्रिक्स या उपचारपद्धतीत या टप्प्याला 'भिंत' असंच नाव आहे, आणि ते अगदी बरोबर आहे. कशात गोडी नाही. माग चालवतो पण मन नाही, गणपती येऊन गेले तरी ढोलाला हात नाही, आवडीची चिकनची भाजी पुढं ठेवली तरी "ठेव, नंतर". घरच्यांना वाटतं आळशी झाला, नाटक करतो. नाटक नसतं. डोपामिनची यंत्रणा सावरायला वर्षभर आणि कधी जास्तही वेळ लागतो, मेंदूच्या स्कॅनवर ते दिसलेलं आहे. या काळात "आता काय दुखतंय तुला?" असं विचारू नका. रोज सकाळी चालायला न्या, घाम येईल इतकं. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा घड्याळावर. तारीख चुकवू नका. आम्ही दोघं रोज सहाला अनगोळच्या बाजूला चालायला जायचो, बरेचदा एकही शब्द न बोलता.

केंद्रात ठेवायचं असेल तर

घरी आवरत नसेल, भ्रम असेल, जीव द्यायचं बोलत असेल तर दाखल करावंच लागतं. पण कुठं, ते बघून. भाचा घरातून निघून गेला होता त्या चार दिवसांनंतर घाबरून आम्ही त्याला हायवेकडच्या एका केंद्रात टाकलं. डॉक्टर आठवड्यातून एकदाही फिरकला नाही. एकवीस दिवसांनी आणला तेव्हा पायाच्या घोट्यावर साखळीचा वळ होता. तो वळ बघून भाऊ अंगणातच बसला. त्यानंतर भाच्यानं सहा महिने आमच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

म्हणून दाखल करण्याआधी विचारा : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, कागद दाखवा. मानसोपचार डॉक्टर कोण, किती वेळा येतात. फोनवर बोलता येतं का, भेटायला कधी यायचं. राहायची खोली स्वतः वर जाऊन बघा. "आत जायला परवानगी नाही" म्हणाले तर तिथूनच परत फिरा. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे. संमतीशिवाय दाखल करायचं तर त्याचीही रीत आहे, डॉक्टरांची तपासणी लागते, आणि त्या पहिल्या दाखल्याची मुदत तीस दिवसांपर्यंतच असते. "सहा महिन्यांचं पॅकेज" म्हणून सही घेणाऱ्याला हे ऐकवा.

घसरला तर

बहुतेक जण एकदा तरी घसरतात. भाचा अकराव्या आठवड्यात घसरला, उद्यमबागच्या जुन्या सोबत्याचं लग्न होतं. रात्री घरी आला नाही, पहाटे आला, डोळ्यांवरून कळलं. वहिनी देवासमोर जाऊन बसली, भाऊ ओरडणार तेवढ्यात मी त्याला बाहेर नेलं. त्या दिवशी काही बोललो नाही. खायला घातलं, झोपवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलं एवढंच : कोण होतं, किती वाजता, पैसे कुठून आले, आणि त्याआधी मनात काय चाललं होतं. ते चार मुद्दे कागदावर लिहिले. बक्षीस पुन्हा पन्नास रुपयांवर आलं, ते त्यानं मुकाट मान्य केलं.

घसरल्यावर दवाखाना बदलू नका, नव्या डॉक्टरपुढं पहिल्यापासून सुरू करू नका. चोवीस तासांत त्याच ओपीडीला फोन करा आणि पुढची तारीख अलीकडे घ्या. जुना केसपेपर कन्नडमध्ये आहे, कळत नाही म्हणून टाकलेला असतो, टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा, कॅलेंडर आणि तो चार मुद्द्यांचा कागद त्यातच घाला, आणि तीच पिशवी घेऊन जा.